दुसऱ्यांदा आलेलं कार्ड

माझ्या दुकानात माणूस सगळीकडून हरून येतो. आधी कंपनीच्या सेंटरला जातो, मग मोठ्या रस्त्यावरच्या चकाचक दुकानांत. तिथली पोरं वस्तूकडे न बघताच "नवीन घ्या" म्हणतात. मग कोणीतरी त्याला सांगतं की मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, जिन्याच्या तोंडाशी एक खडूस माणूस बसतो, त्याला दाखवून बघा. तो खडूस मी. कॉम्प्युटरमधली कार्डं आणि बोर्ड, जे जळतं, आपटतं, मोडतं, ते मी भिंगाखाली घेऊन जोडतो. बोलायला मला फारसं आवडत नाही. तुटलेली वस्तू निदान मध्ये मध्ये शहाणपण शिकवत नाही, म्हणून तिच्याशी माझं जमतं.

त्या दिवशी जिन्यावर बूट वाजले आणि वर आले ते आमचे मेहुणे. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं, जसं कोणी दवाखान्यात तान्हं मूल आणतं.

"दादा, ओळखलंत ना?"

"ओळखलं. बसा म्हणत नाही, स्टूल एकच आहे."

त्यांनी टॉवेल माझ्या टेबलावर उलगडला. आत ग्राफिक्स कार्ड होतं. पडद्यावर चित्र उमटवतं ते हेच कार्ड. हे तर तीन पंख्यांचं, विटेएवढं जड. मेहुणे अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करतात. जिथे पायाचा खड्डासुद्धा खणलेला नाही तिथे बाल्कनी, बाल्कनीत कुंड्या, आत सोफ्यावर हसणारं कुटुंब. लोक ती चित्रं बघून घरं घेतात. असलं काम साध्या कॉम्प्युटरवर होत नाही, त्याला असलं दांडगं कार्ड लागतं आणि त्या जातीचं कार्ड आता बाजारात मिळत नव्हतं.

"सामान हलवताना कॉम्प्युटर आडवा झाला," ते म्हणाले. "सगळ्यांनी हात वर केले. काम अडलंय माझं. शेवटी ही म्हणाली, दादाकडे न्या, दुसरं कोणी करणार नाही."

"ही बोलते वाटतं अजून," मी म्हणालो.

त्यावर ते टॉवेलाची घडी घालू लागले.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्यातलं गाढव आज मी होतो हे मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटत होतं. पण त्यांच्यापेक्षा जास्त राग मला धाकटीचा होता.

गेल्या थंडीत आमची आई गेली आणि धाकटी आली नाही. आजारपणातही आली नाही आणि नंतरही नाही. तिचा नंबर लागत नव्हता. घरी गेलो तर कुलूप, शेजारी म्हणाले घर बदललं, कुठे ते माहीत नाही. मेहुण्यांचा फोन तेवढा लागायचा. आई अंथरुणावरून रोज एकच गोष्ट सांगायची, "तिला म्हणावं, पिशवी घेऊन ये, आता परत जा म्हणणार नाही." मी तो निरोप मेहुण्यांना शब्दाला शब्द सांगितला. "सांगतो," ते म्हणाले. दुसऱ्यांदा सांगितला, पुन्हा "सांगतो". आई गेल्यावर फोन केला तेव्हा ते म्हणाले, "दादा, तिला नाही यायचं. मी काय हाताला धरून ओढत आणू?"

मी विश्वास ठेवला, कारण ते शक्य होतं. पिशवीचं प्रकरण असं होतं की धाकटी त्याआधी एकदा भरलेली पिशवी घेऊन माहेरी आली होती. नवऱ्याचं वागणं तिनं आईला सांगितलं आणि आईनं सगळ्या आया म्हणतात तेच म्हटलं. संसार म्हणजे भांड्याला भांडं लागणारच, सांभाळून घे, जा. त्यावर दोघींची वाजली. धाकटी नाकावर राग घेऊनच जन्माला आलेली. "पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," म्हणाली आणि गेली. मी दुकानात होतो, मला हे आईकडून कळलं. नंतर आई त्या एका वाक्यासाठी मनातून झुरत राहिली. शेवटच्या आठवड्यात तर दारापाशी काही वाजलं की मान वळवायची. दूधवाला असायचा. ते बघून मी धाकटीचं नाव टाकलं. भावानं बहिणीचं नाव टाकणं म्हणजे काय असतं हे ज्यानं टाकलंय त्याला विचारा. जेवता जेवता घास फिरतो.

"ठेवून जा," मी मेहुण्यांना म्हणालो. "बघतो."

त्यांनी नवा पत्ता दिला नाही, मी मागितला नाही.

कार्ड उघडलं. पंखे काढले, त्याखालचा ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा काढला. खाली हिरवी पाटी आणि पाटीच्या एका कोपऱ्याला तडा. कार्ड जिथे खाचेत बसतं तिथे अडकवायला एक आकडा असतो, बरोबर त्याच्या मुळापासून. जड कार्ड खाचेत तसंच ठेवून कॉम्प्युटरची पेटी आडवी केली की सगळं वजन त्या आकड्यावर येतं आणि पाटी तिथूनच उलते. असले तडे मी पुष्कळ बघितलेत. वस्तू कशी मोडली ते तडाच सांगतो, गिऱ्हाईक काहीही सांगो. यावेळी गिऱ्हाईक खरं बोललं होतं.

असा तडा चिकटवून भागत नाही. पाटीवर केसासारख्या बारीक तांब्याच्या वाटा असतात, त्या तुटलेल्या असतात. प्रत्येक वाटेवरचा हिरवा रंग पात्यानं हलकेच खरवडायचा, तांबं चमकलं की या काठावरून त्या काठावर केसाहून बारीक तार टाकायची आणि दोन्ही टोकं सोल्डरिंगच्या डागणीनं डागायची. श्वास जोरात सोडला तरी तार उडते. मग मीटर लावून बघायचं, वाट लागली की नाही. इथे वाट लागणं चांगलं. मग वरून गोंदाचा थर देऊन तो निळ्या उजेडाखाली सुकवायचा. दोन दिवस मी दुसरं काही घेतलं नाही. राग बहिणीचा होता, कार्डानं माझं काय वाकडं केलं होतं? कार्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून बघितलं, पडदा उजळला. पंख्यांचा ठोकळा परत बसवला, स्क्रू आवळले आणि एका स्क्रूच्या डोक्यावर माझी खूण केली.

मेहुणे आले, कार्ड घेतलं, "दादा, तुम्ही म्हणजे ना..." असं काहीतरी बोलले. मी मान हलवली. तिला काही सांगा म्हणालो नाही, कशी आहे विचारलं नाही. जिच्या तोंडून आपल्या मेलेल्या आईसाठी एक शब्द निघाला नाही तिच्यासाठी मी का तोंड उघडू, हा माझा हिशोब होता.

पावसाळा सरता सरता तेच बूट पुन्हा जिन्यावर वाजले. तोच टॉवेल.

"तुमची दुरुस्ती टिकली नाही, दादा." या वेळी सूर वेगळा होता. "पडद्यावर नुसते रंगीत चौकोन येतायत. परवा चित्रं द्यायचीयत माझी. माणसं माझ्या डोक्यावर बसलीयत."

गरज सरो वैद्य मरो, पण वैद्य मरायच्या आधीच गरज परत आली होती. माझी दुरुस्ती टिकली नाही हे वाक्य मला झोंबलं. दुसरं कोणी म्हणालं असतं तर कार्ड त्याच्या टॉवेलासकट खाली शिंप्याच्या अंगणात गेलं असतं.

"ठेवा," मी म्हणालो. "माझा जोड सुटला असेल तर दुकानाला कुलूप लावतो."

ते गेल्यावर मी आकड्याजवळचा जोड भिंगाखाली बघितला. अगदी जसाच्या तसा. सगळ्या तारा जागेवर, मीटर सगळीकडे वाजत होता. म्हणजे दुखणं दुसरीकडे होतं. ठोकळा काढायला म्हणून कार्ड पालथं केलं, स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो माझ्या हातात तसाच राहिला.

इथे जरा आमच्या वडिलांचं सांगायला हवं. त्यांचं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त केलेली वस्तू बंद करताना एका स्क्रूच्या डोक्यावर ते नेलपॉलिशचा थेंब लावायचे. नंतर कोणी ती बाहेर उघडली तर थेंब फुटतो आणि "तुम्हीच बिघडवली" म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाचं तोंड आपोआप बंद होतं. मला थेंबाऐवजी आडवी रेघ ओढायची सवय लागली, ती अजून आहे. धाकटी शाळेतून आली की दप्तर टाकून वडिलांच्या गुडघ्याशी येऊन बसायची. तिला शेवटचा स्क्रू हवा असायचा. त्यावर ती शेजारी शेजारी दोन बारीक ठिपके काढायची.

"स्क्रूला डोळे कसले काढतेस?" वडील ओरडायचे.

"मग त्याला दिसणार कसं, कोण उघडतंय ते?"

वडील हसायचे आणि गिऱ्हाइकाला तशीच वस्तू द्यायचे. डागकाम त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं. हात तिचाच स्थिर होता, मान्य करायला मला आजही जड जात नाही. मग तिचं लग्न झालं आणि ते सगळं राहिलं.

कार्डाच्या स्क्रूवर माझी रेघ होती, पण मधून फुटलेली. म्हणजे स्क्रू उघडून पुन्हा आवळलेला. आणि फुटलेल्या रेघेशेजारी दोन ताजे ठिपके होते. डोळे.

मी ठोकळा काढला. आत, एका चिपच्या कडेला, तांब्याच्या तीन वाटा कापलेल्या होत्या. पडून किंवा आपटून मोडलेली वस्तू वेडीवाकडी मोडते. हे काप सरळ होते, पात्यानं, पट्टी लावल्यासारखे. आणि ज्यानं कापलं त्याला सगळं माहीत होतं. पाटीत थरावर थर असतात, काप वरच्याच थरात होते, खालच्याला धक्का नव्हता. जिथे भलती तार भलतीकडे लागून चिप जळेल ती जागा सोडून दिलेली, दोन कापांमध्ये माझी डागणी शिरेल एवढं अंतर राखलेलं. तोडणाऱ्यानं जोडणाऱ्याची सोय बघून तोडलं होतं.

आधी मला रागच आला. नवऱ्याच्या पोटावर पाय देऊन माझ्याशी खेळ मांडलाय म्हटलं. आई गेली तेव्हा यायला पाय उचलला नाही आणि आता डोळे काढतेय. मी उठून खाली गेलो, शिंप्याकडे पाणी प्यायलो, त्यानं काय झालं विचारलं त्याच्यावर उगाच खेकसलो. वर येऊन पुन्हा भिंगाला डोळा लावला. ते तीन काप बघता बघता मला एक साधी गोष्ट कळली. ज्याला फोन करता येतो, तो तांब्याच्या वाटा कापत बसत नाही.

मग सगळंच उलटं दिसायला लागलं. "ही म्हणाली, दादाकडे न्या." पहिल्यांदा कार्ड खरोखर मोडलं होतं आणि तिनं ती संधी साधून ते माझ्याकडे पाठवलं. परत गेलं तेव्हा तिनं स्क्रूवर माझी रेघ बघितली असेल. दादानंच केलंय हे तिला कळलं असेल आणि दादानं एका शब्दानं चौकशी केली नाही हेही कळलं असेल. तरी तिनं पुन्हा एकदा पाठवलं. वाट कापून पाठवलं. मी तिथे बसून कार्ड जोडत होतो आणि भिंगाखालचं दिसत नव्हतं, तर डोळे पुसून पुन्हा बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांना फोन केला.

"झालंय. पण इथे चालवून उपयोग नाही. तुमच्या पेटीत कुठेतरी दाब पडतोय, म्हणून पुन्हा पुन्हा जातंय. मला घरी येऊन बसवावं लागेल."

खोटं होतं. त्यांनाही ते रुचलं नाही.

"मी बसवतो की. तुम्ही सांगा फक्त कसं ते."

"मग तिसऱ्यांदा आणू नका."

गरजवंताला अक्कल नसते. शेवटी पत्ता आला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्या एकसारख्या इमारती. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराला बाहेरून कडी होती, नवी, तिच्यावरचं तेल अजून सुकलं नव्हतं. घरांना आतून कड्या असतात, बाहेरून फारच क्वचित. मेहुण्यांनी दार उघडलं, माझ्या मागे जिन्यात कोणी आहे का ते बघितलं आणि मला थेट कामाच्या खोलीत नेलं. पडदे ओढलेले, मोठा पडदा, खुर्चीच्या पाठीवर दोन शर्ट, टेबलाच्या खणाला किल्ली.

"ही आहे आत," ते म्हणाले. "बरं नसतं तिला. फार बोलू नका, नंतर त्रास होतो."

ती पाणी घेऊन आली. मी तिला बघून काय बघितलं ते सांगतो. गालफडं वर आलेली, केस मागे घट्ट आवळलेले आणि पेला माझ्या हातात देताना नजर माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे. आमची धाकटी, जी वडिलांच्या गिऱ्हाइकांना तोंडावर "तुम्ही खोटं बोलता" म्हणायची, ती पाणी देण्याची परवानगी मागत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी लोकांच्या घरचा ऐकला होता.

मी पेटी उघडली, कार्ड खाचेत बसवलं, आकडा कट्कन लागला. खाली टेकू म्हणून एक छोटी पट्टी लावली, उगाच हात चालू ठेवायला. कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला आणि त्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं चित्र आलं, उन्हाची खोली आणि त्यात हसणारी माणसं. मेहुण्यांचा चेहरा खुलला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, चित्रं मागणारं कोणीतरी होतं. "आलं, आलं, आत्ता सुरू झालं," म्हणत ते पडद्याच्या जवळ सरकले आणि आमच्याकडे पाठ करून बोलायला लागले.

मी पेला परत द्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. ती तिथेच उभी होती. इतक्या हळू बोलली की मला ओठ वाचावे लागले.

"दादा, आई अजून रागावलीय का रे माझ्यावर?"

मला कळायला वेळ लागला. म्हणजे शब्द कळले, पण ते जिथे पोहोचायला हवे होते तिथे पोहोचायला वेळ लागला.

"हे म्हणाले, ती माझं नावही काढू देत नाही," ती घाईघाईनं सांगत होती. "आले तर दारातून हाकलीन म्हणाली. फोनसुद्धा करू नकोस म्हणाली. खरं का ते? मी चिडून गेले होते, पण इतकं? मला राहवेना, म्हणून मी ते कार्ड..."

आत तो माणूस फोनवर कोणाला तरी बाल्कनीचा रंग विचारत होता. इथे सांगितलं असतं तर ती इथेच खाली बसली असती, या दाराच्या आत, आणि दाराला बाहेरून कडी होती.

"नाही," मी म्हणालो. "नाही रागावलेली. चल."

"आत्ता?"

"आत्ता. चप्पल घाल."

तिनं चप्पल घातली. अंगावरचा घरातला ड्रेस बदलला नाही, ओढणी घेतली नाही, काही नाही. तेवढ्यात मेहुणे फोन ठेवून बाहेर आले.

"कुठे?"

"आईकडे जाऊन येते," ती एका दमात म्हणाली. "दादा म्हणतोय ती रागावलेली नाहीये. मी बघून येते तिला."

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खोलीत आई गेलेली आहे हे दोघांना ठाऊक होतं आणि जिची आई होती तिला ठाऊक नव्हतं. तिला जागच्या जागी थांबवायला त्यांना एकच वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य बोलले असते तर ते त्यांना केव्हापासून माहीत आहे हेही सांगावं लागलं असतं, तेही माझ्यासमोर. मूग गिळून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता आणि मला त्यात कसलाही आनंद झाला नाही.

"लवकर ये," ते शेवटी म्हणाले.

जिना उतरताना ती माझ्या पुढे होती. रस्त्यावर आल्यावर तिनं उन्हाकडे डोळे बारीक करून बघितलं आणि भराभर चालायला लागली, मला तिच्याबरोबर राहता येईना. तोंड सुरू झालं होतं. मला किती टक्कल पडलंय, दुकान अजून त्या शिंप्याच्या डोक्यावरच आहे का, तिसरा काप जरा खोल गेला तेव्हा तिचा जीव कसा वरखाली झाला. ब्लेड दाढीचं होतं, नेलपॉलिश शेजारणीच्या मुलीकडून दाराच्या फटीतून मागून घेतलं होतं. बोलता बोलता ती हसली. मी "हं, हं" करत होतो. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता सांगू, त्या खांबापाशी सांगू, तो चौक ओलांडला की सांगू.

बस थांब्याजवळ फळवाला होता. ती थांबली.

"रिकाम्या हातानं कशी जाऊ? आईला दात नाहीत, पपई घेऊ. तिला गोड लागते."

माझ्याकडे पैसे मागताना ती लाजली. मी दिले. तिनं दोन पपया परत ठेवून तिसरी घेतली, बोटानं दाबून, वास घेऊन, फळवाल्याशी पिकलेली-न पिकलेली असा वादही घातला. मला थांबवायचा धीर झाला नाही. मी भित्रा आहे हे मला त्या फळाच्या गाडीपाशी कळलं.

थांब्यावरच्या बाकावर आम्ही बसलो. पपईची पिशवी तिनं मांडीवर घेतली.

"मला बघून पहिलं काय म्हणेल ती?" तिनं विचारलं आणि माझ्याकडे वळली.

मी रस्त्याकडे बघायला लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर पहिल्यापासून चांगली. वडील म्हणायचे, हिला भिंग लागत नाही.

"कधी?" तिनं विचारलं.

"थंडीत."

तिनं मान हलवली, जणू मी बसची वेळ सांगितली.

मग मी सगळं सांगितलं. आई वाट बघत होती, दारापाशी वाजलं की मान वळवत होती. पिशवी घेऊन ये, आता परत जा म्हणणार नाही, असा निरोप तिनं दिला होता, पुन्हा पुन्हा दिला होता. तो मी कोणाकडे दिला ते सांगितलं. त्यानं मला काय सांगितलं ते सांगितलं, आणि मी ते खरं मानून तिचं नाव टाकलं होतं तेही सांगितलं. ती ऐकत होती. रडत नव्हती. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, डोक्यावर हात ठेवता आला असता. आमची बस आली, दार उघडून थांबली आणि निघून गेली. फळवाल्यानं आमच्याकडे दोनदा बघितलं.

"थंडीत," ती म्हणाली. तिचे दोन्ही हात पपईवर होते. "थंडीत मी रोज मनातल्या मनात भांडायचे तिच्याशी. भांडी घासताना, रात्री पडल्यावर. ती एक बोलायची, मी दहा बोलायचे. शेवटी ती गप्पच बसायची रे, दादा. रोज मीच जिंकायचे."